सोळा घरांच्या वायरींची घडी

‘घडी घालायची तर कडेला कड लावून घाल. आणि वरून असा हात फिरव की ती पुन्हा उलगडायचं नाव घेणार नाही.’

आईनं हे सांगितलं तेव्हा मी सात वर्षांची होते आणि समोर एक टॉवेल होता. त्यानंतर माझ्या हाताखालून चादरी गेल्या, अभ्रे गेले, ह्यांचे शर्ट गेले, रद्दीचे गठ्ठे गेले. एकही वस्तू चुरगळलेली राहिली नाही. स्वतःबद्दल चार चांगले शब्द बोलायची मला सवय नाही, पण आमच्या कपाटाचं दार उघडलं की पाहुणे दोन पावलं मागे सरकून उभे राहतात, एवढं सांगते.

त्याच हातांनी मी सोळा घरांचं इंटरनेट बंद पाडलं. लोक ती गोष्ट फार तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून मीच लिहून ठेवते.

सुरुवात अक्कांपासून करायला हवी. अक्का म्हणजे माझी मोठी नणंद. आयुष्यभर मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी त्यांच्या गावातल्या वाचनालयात जाऊन बसायच्या. आठ महिन्यांपूर्वी एका आजारपणात त्यांचं ऐकणं गेलं. पूर्ण गेलं. पण दोन महिन्यांत त्या ओठ वाचायला शिकल्या, कारण न शिकणं हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. फक्त घराबाहेर पडायच्या थांबल्या. आम्ही परोपरीनं सांगितलं. हे म्हणाले, ‘अगं अक्का, वाचनालयात तर बोलायलाच मनाई आहे, तुला काय फरक पडतो?’ अक्का म्हणाल्या, ‘मनाई आहे म्हणून सगळे कुजबुजतात. आणि तोंडावर हात धरून कुजबुजतात. मला वाटत राहतं, माझ्याबद्दलच.’



यावर माझ्याकडे एकच उपाय होता, नेम. मी नेमाची बाई आहे. पहाटे उठणं, वाचनाआधी अन्न न घेणं, गुरुवारी मौन आणि खोटं न बोलणं, हे माझे रोजचे. मी अक्कांना म्हटलं, ‘आपल्या घरातला शंभर अध्यायांचा ग्रंथ मी रोज एक अध्याय याप्रमाणे तुम्हाला वाचून दाखवते. तुम्ही समोर बसायचं.’ अक्का म्हणाल्या, ‘बसते. आणि शंभर दिवसांत एकही दिवस चुकला नाही, एकही ओळ गळली नाही, तर शंभराव्या दिवशी मी एकटी वाचनालयात जाईन. चुकला तर मात्र मला कोणी पुन्हा आग्रह करायचा नाही. दिवस म्हणजे सूर्य मावळेपर्यंत.’ मुख्याध्यापिकेची अट. पळवाट नाही.

आता माझा आवाज असा आहे की शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तो पंख्याचा वाटतो. लग्नाला चौतीस वर्षं झाली, हे अजूनही ‘काय म्हणालीस?’ म्हणतात. पण अक्कांना आवाज लागतच नाही. त्यांना ओठ दिसले की पुरे. भाच्यानं त्यांच्या टीव्हीवर व्हिडिओ कॉल लावून दिला होता. मी इकडे देवासमोर बसून वाचायची आणि तिकडे माझं तोंड भिंतीएवढं दिसायचं. गुरुवारी मौन असलं तरी आवाज न काढता ओठ हलवले की वाचन व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझा शब्द न् शब्द ऐकत होतं, आणि ते माणूस बहिरं होतं.

एक्याऐंशी दिवस निर्विघ्न गेले.

ब्याऐंशीव्या दिवशी मी देवाच्या खोलीतलं कपाट पुढे ओढलं. मागे केर होता तो अपेक्षित होता. पण राउटरमागे एक पिवळी वायर होती, बारीक, शेवयांसारखी, चांगली आठ-दहा मीटर, आणि तिचं नुसतं वेटोळं पडलं होतं. केबलवाल्यानं जादा वायर तशीच टाकून दिली होती. देवाच्या खोलीत. मी डोळे मिटून क्षमा मागितली आणि कामाला लागले.

वायरीची घडी मी कधी घातली नव्हती, पण घडी म्हणजे घडीच. वीतभर लांबी धरली, दुमडली, पुन्हा वीतभर, पुन्हा दुमडली. प्रत्येक दुमड चिमटीत दाबली. कडेला कड लागली. मध्ये पांढऱ्या दोऱ्याचे सात घट्ट वेढे दिले आणि घडी बसावी म्हणून वर जाड शब्दकोश ठेवला. तासाभरानं उचलून पाहिलं तर अशी देखणी जुडी झाली होती की मी ह्यांना बोलावून दाखवली. हे म्हणाले, ‘छान.’ ह्यांना कशातलं काय कळतं हा प्रश्न मी त्या वेळी विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी त्र्याऐंशीवा अध्याय उघडला आणि तिसऱ्या ओळीला अक्कांनी हात वर केला.

‘तुझं तोंड चौकोनी झालंय,’ अक्का म्हणाल्या. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्या एकतर पुटपुटतात नाहीतर गरजतात. या वेळी गरजल्या. ‘चौथी ओळ दिसली नाही. पहिल्यापासून घे.’

मी पहिल्यापासून घेतलं. सातव्या ओळीला चित्र थिजलं. पुन्हा पहिल्यापासून. असं करत तो अध्याय साडेदहाला संपला. वाचनाआधी मी खात नाही हे वर सांगितलंच आहे.

तक्रारीचा नंबर फिरवला. पलीकडे यंत्र होतं. ‘आपली अडचण थोडक्यात सांगा,’ यंत्र म्हणालं. मी सांगितली. ‘आवाज आला नाही. कृपया मोठ्याने बोला,’ यंत्र म्हणालं. मी पुन्हा सांगितली. चौथ्या वेळी यंत्र म्हणालं, ‘आपण बोलत नसल्यामुळे कॉल बंद करण्यात येत आहे.’ शेवटी हे बोलले. ह्यांचा आवाज यंत्राला लगेच आला, कारण तो खालच्या फाटकापर्यंत गेला होता.

दुपारी टेक्निशियन आला. कानात एक यंत्र, हातात एक यंत्र, आणि आमच्याशी बोलतोय की दुसऱ्या कोणाशी हे कळायला मार्ग नाही. त्यानं माझी जुडी ओढून बाहेर काढली, दोरा कात्रीनं कचकन कापला, वायर सगळ्या खोलीभर फेकली आणि तिच्या टोकाला यंत्र लावलं.

‘उणे एकोणीस,’ तो म्हणाला. ‘एकदम मस्त.’

‘उणे असून मस्त?’ ह्यांनी विचारलं.

‘उणेच असतं काका. एकोणीस-वीस म्हणजे उजेड भरपूर. अठ्ठावीसच्या खाली गेलं तर राउटरला दिसत नाही. तुमच्याकडे काहीही बिघाड नाही.’ आणि खरंच, चित्र आरशासारखं स्वच्छ होतं. तो दाराबाहेर पडतो तोच फोनवर निरोप आला: आपली समस्या सुटली असल्यास एक दाबा, नसल्यास दोन. त्या घटकेला समस्या सुटलेली होती. मी खोटं बोलत नाही. एक दाबला.

मग वळून खोलीकडे पाहिलं. पसारा. मी निमूटपणे वायर गोळा केली आणि पुन्हा घडी घातली. या वेळी जास्त मन लावून. आणि शब्दकोशाचे दोन्ही खंड ठेवले.

पुढचे पाच-सहा दिवस असेच गेले, त्यांचं सविस्तर वर्णन करत नाही. सकाळी राउटरवर लाल दिवा. तक्रार. दुपारी तोच टेक्निशियन. तो जुडी सोडायचा, उणे एकोणीस यायचं, मी सत्याला जागून एक दाबायची, तो जायचा, मी आवरायची. कंपनीच्या दफ्तरात आमच्या नावापुढे ‘ग्राहक वारंवार समाधानी’ असा शेरा पडला होता म्हणे. एकदा तो नेमका गुरुवारी आला. माझं मौन. त्यानं विचारलं, ‘काकू, मी गेल्यावर ही वायर पुन्हा अशी कोण बांधतं?’ मी हातांनी घडी घातल्याची खूण केली. त्याला वाटलं, मी नमस्कार करतेय. त्यानंही केला आणि गेला.

वाचन मी कसंबसं रेटत होते. मोबाइलला आमच्या घरात रेंज मिळते ती फक्त न्हाणीघराच्या खिडकीत, आणि ग्रंथ घेऊन न्हाणीघरात बसणं माझ्यानं होणारं नव्हतं. म्हणून लाल दिवा लागला की मी जिन्यात, जिथे रेंज यायची त्या तळमजल्याच्या सूचनाफलकाखाली स्टूल टाकून मोबाइलवर वाचायची. जाणारे-येणारे थबकायचे. सत्याऐंशीव्या अध्यायाला अक्का मध्येच गरजल्या, ‘तुझ्यामागे एक टकल्या माणूस उभा आहे. तो दुसऱ्याला म्हणतोय, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय.’ मी मागे पाहिलं. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी होते. त्यांनी ते पंधरा फुटांवर, अगदी हळू म्हटलं होतं. त्या दिवसापासून सेक्रेटरी जिन्यातून जाताना तोंडावर रुमाल धरून जातात.

याच सेक्रेटरींकडे मला अर्ज करावा लागला, त्याला कारण पूलवाले. समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे हे गृहस्थ नोकरीत असताना पूल बांधायचे, म्हणून सगळे त्यांना पूलवाले म्हणतात. त्यांचा एक पूल अजून उभा आहे. तो विषय निघाला की तासभर जातो. ते आमच्या राउटरसमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, ‘वहिनी, हे पाण्याच्या पायपासारखं आहे. तुमच्याकडे तोटी ठीक आहे, म्हणजे दोष वरच्या टाकीत. जिन्यातली ती केबलची पेटी उघडून बघा.’

‘पण तो टेक्निशियन म्हणतो दोष नाही,’ मी म्हटलं.

‘काय म्हणाल्या?’ पूलवाल्यांनी ह्यांना विचारलं.

‘टेक्निशियन म्हणतो दोष नाही म्हणे.’

‘तो काय पूल बांधून आलाय?’

जिन्यातल्या पेटीची किल्ली सेक्रेटरींकडे असते. किल्लीसाठी लेखी अर्ज, अर्जावर प्रत्येक मजल्यावरच्या एका रहिवाशाची सही आणि किल्ली परत करायची वेळ. मी अर्ज लिहिला. सेक्रेटरींनी तो रुमालाआडून वाचला आणि परत केला, कारण मी ‘पेटी उघडणे’ असं लिहिलं होतं आणि त्यांच्या नियमात ‘पेटीची पाहणी’ असा शब्द होता. दुसऱ्यांदा लिहिला. तिसऱ्या मजल्यावरच्या सहीसाठी तिथल्या आजी झोपेतून उठेपर्यंत पायरीवर बसून राहिले. नव्वदाव्या दिवशी दुपारी किल्ली हातात आली. टेक्निशियन म्हणाला, उद्या येतो.

किल्ली संध्याकाळी सहापर्यंत माझ्याकडे होती. मी पेटी फक्त पाहण्यासाठी उघडली. अर्जातही पाहणीच लिहिलं होतं.

आत जे होतं ते माझ्यानं बघवेना. सोळा घरांच्या सोळा पिवळ्या वायरी, एकमेकींत गुंतलेल्या, लोंबणाऱ्या, कोळिष्टकं धरलेल्या. विंचरायचं राहून गेलेल्या केसांसारखी दशा. मला वाटलं, सापडला दोष. एवढ्या गुंत्यातून कोणाचं काय नीट पोहोचणार? मी वरून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणलं.

तीन तास लागले. मी कुठलीही वायर उपटली नाही की तोडली नाही. प्रत्येक वायर हलक्या हातानं सोडवली, पुसली, वीतभराच्या मापानं दुमडली, चिमटीत दाबली, सात वेढे दिले आणि वर घराचा नंबर लिहून चिठ्ठी लावली. सोळा जुड्या, चार ओळी, एका रेषेत. देवाशपथ सांगते, इतकं सुंदर काम मी त्याआधी केलं नव्हतं. सहाला किल्ली परत केली आणि त्या रात्री मला शांत झोप लागली.

सकाळी इमारतीत गलका होता. सोळाच्या सोळा घरांत लाल दिवा. दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांची सुनावणी कॅमेऱ्यावर होती, ती अडली. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीबाईंची मुलं सुटली म्हणून नाचत होती. माझा एक्क्याण्णवावा अध्याय राहिला होता आणि त्यात कहर म्हणजे जिन्यातली मोबाइलची रेंजही गेली, कारण अख्खी इमारत तिच्यावर तुटून पडली होती. सूर्य मावळणार होता सहा वाजून वीस मिनिटांनी. मी उपाशी होते, आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली. स्वतःची नाही. अक्का टीव्हीसमोर खुर्चीत बसलेल्या असणार, आणि मनातून कदाचित सुटल्यासारखं वाटत असणार, याची.

दुपारी तीनला कंपनीनं वरच्या दर्जाच्या टेक्निशियन बाईंना पाठवलं. चाळिशीच्या, नाकावर चष्मा, खांद्याला जड पिशवी आणि बोलणं मोजकं. सगळी इमारत जिन्यात जमली. बाईंनी पेटी उघडली आणि एका जुडीवरची चिठ्ठी चष्म्याजवळ धरून वाचली.

‘हे कोणी केलं?’

‘मी,’ मी म्हटलं.

कोणालाच ऐकू गेलं नाही. माणसं एकमेकांकडे पाहत राहिली. मी पुन्हा म्हटलं. नेम पाळायचा तर पूर्ण पाळावा. तिसऱ्यांदा म्हटल्यावर ह्यांना ऐकू आलं आणि त्यांनी सगळ्यांसाठी खणखणीत आवाजात सांगितलं, ‘ती म्हणतेय, तिनं केलं.’

बाईंनी पिशवीतून पेनासारखी एक वस्तू काढली. ‘जिन्यातला दिवा मालवा. खिडकी लावा.’ अंधार झाला. त्यांनी ती वस्तू एका वायरीच्या टोकाला लावली आणि बटण दाबलं.

माझी जुडी पेटली. पेटली म्हणजे आग नाही. प्रत्येक दुमडीवर एकेक लाल ठिपका उजळला, निखाऱ्यासारखा. दोन्ही कडांना, एकाखाली एक, सरळ रेषेत. मी मोजले, बावीस.

‘हा उजेड घरात पोहोचायला हवा,’ बाई म्हणाल्या. ‘तो इथे सांडतोय. आत केसाएवढी काच आहे, काकू. उजेड तिच्या आतल्या अंगाला थडकत थडकत पुढे पळतो. वळण ऐसपैस असलं की तोही वळतो. असं चिमटीत दाबलेलं वळण आलं की त्याला आत राहता येत नाही, तो काचेतून बाहेर निसटतो. एका दुमडीला थोडा, दुसरीला थोडा. बावीस दुमडी झाल्यावर पलीकडे काय उरणार? वर दोरा आवळलाय, तिथेही गळतो.’

‘म्हणजे आधीचा गुंता?’ मी विचारलं. बाई माझ्याजवळ उभ्या होत्या, त्यांना ऐकू गेलं.

‘गुंता दिसायला वाईट होता. पण त्यात सगळी वळणं गोल होती.’

अंधारात कोणी हसलं नाही, हे मी त्या सोळा घरांचे उपकार समजते. पूलवाले तेवढे म्हणाले, ‘पाण्याच्या पायपासारखंच, मी म्हटलं होतं. कोपऱ्यावर दाब पडतो.’ त्यांनी असं काहीही म्हटलं नव्हतं. पण मी माझ्या घरातल्या जुडीचा विचार करत होते. शब्दकोशाखालच्या. तो गरीब टेक्निशियन रोज ती सोडत होता आणि मी रोज उजेडाचा गळा दाबून वर सत्यवचनी म्हणून एक दाबत होते.

दिवा लागला. बाई घड्याळ बघत म्हणाल्या, ‘सोळा वायरी सोडवून पुन्हा लावायच्या म्हणजे मला एकटीला अंधार होईल. उरलेलं उद्या.’

‘उद्या चालणार नाही,’ मी म्हटलं. आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं. मी कसं बोलले ते मला माहीत नाही. हे तर दचकून कठड्याला टेकले.

मी विचारलं, ‘वळण केवढं असलं तर चालेल?’

बाईंनी मूठ वळून दाखवली. ‘याहून लहान नको. मोठं कितीही.’

मी वर गेले आणि सोळा बशा घेऊन आले. मूठ कोणाची लहान, कोणाची मोठी, बशी सगळ्यांना सारखी. आणि जुन्या मऊ चादरीच्या पट्ट्या फाडून आणल्या, दोऱ्याऐवजी. ती चादर वीस वर्षं माझ्या घडीत होती, पण त्या वेळी ते मनात आलं नाही. बाई दोरे कापायच्या, मी वायर सैल सोडून दुमडी बोटानं हलकेच सरळ करायची आणि बशीभोवती गोल फिरवायची. ताण नाही, चिमटा नाही. बशी काढून घ्यायची, पट्टीची ढिली गाठ. शिकवणीबाई चिठ्ठ्या लावत होत्या. वकील बशा धरत होते. सेक्रेटरी रुमाल खिशात घालून बॅटरी दाखवत होते. नवव्या वायरीनंतर बाई नुसत्या बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘काकू, हात चांगलाय तुमचा.’

सोळावी पावणेसहाला झाली. मग आमच्या घरातली. बाईंनी यंत्र लावलं.

‘उणे अठरा,’ त्या म्हणाल्या. ‘कंपनीनं दिलं होतं त्याहून बरं.’

पाच बावन्नला अक्का पडद्यावर आल्या. त्या सकाळपासून खुर्चीवरून उठल्या नव्हत्या. मी एक्क्याण्णवावा अध्याय उघडला. मागे दारात अर्धी इमारत उभी होती आणि कोणी ओठसुद्धा हलवत नव्हतं, कारण अक्का काय वाचतील याचा भरवसा नव्हता. शेवटची ओळ सहा सतराला संपली. अक्कांनी त्यांच्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘तीन मिनिटं,’ त्या म्हणाल्या. ‘पास.’

आता थोडं स्वतःचं सांगते. बाईंनी आमच्या पेटीचा फोटो काढून नेला आणि तो कंपनीच्या कचेरीत भिंतीवर लावलाय, खाली लिहिलंय, ‘वायर अशी गुंडाळावी’. पेटीची दुसरी किल्ली सेक्रेटरींनी अर्जाविना माझ्याकडे ठेवायला दिली. आणि आमचा जुना टेक्निशियन कोणा ग्राहकाकडे जाताना पिशवीत बशी ठेवतो, हे मी स्वतः पाहिलंय. नऊ दिवस एकदाही लाल दिवा लागला नाही.

शंभरावा अध्याय मी नेहमीसारखा सकाळी सातला वाचला. एकही ओळ गळली नाही. ग्रंथ मिटला, कपाळाला लावला. मी अटीची आठवण करून दिली नाही. अक्कांनी हातानं खूण केली, कॉल चालू राहू दे.

दिवसभर तो चालू राहिला. त्यांची रिकामी खुर्ची, मागे दार, बाजूला खुंटी. मी स्वयंपाक करताना येऊन बघायची, हे पेपर वाचता वाचता बघायचे. साडेचारला त्या इस्त्री केलेल्या कपड्यांत पडद्यावर आल्या. खुंटीवरची पिशवी घेतली. त्यात चष्मा आहे का पाहिलं. चपला घालताना एकदा खुर्चीवर बसल्या, आणि तशाच इतका वेळ बसून राहिल्या की ह्यांनी माझा हात धरला. मग उठल्या, आमच्याकडे न बघता दिवा मालवला आणि बाहेर गेल्या.

दार लागलं. त्याचा आवाज त्यांना येत नाही, म्हणून त्यांनी बाहेरून ते एकदा ढकलून पाहिलं; तळव्याची थाप आम्हाला ऐकू आली. ते हललं नाही. मग पायऱ्या उतरणारी पावलं ऐकू आली, एकेक, न थांबता.